नऊनंतरचं मोठं माणूस

मंगळवारी सकाळी माझा नवरा सनाइयातल्या, म्हणजे इंडस्ट्रियल एरियातल्या, दुकानात गेला. अकरा वाजता दुकानातून फोन आला. बारा वाजता हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की तो गेला. रात्री नऊ वाजता आमच्या मुलीने दारात उभं राहून विचारलं, "आता माझ्याबरोबर खाली कोण येणार?"

घरात तेव्हा पंधरा-वीस माणसं बसली होती. सगळ्यांनी ते वाक्य ऐकलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "लहान आहे, धक्का बसलाय." ती पंधरा वर्षांची होती, आणि मला तिचा राग आला. बाप अजून शवागारात आहे आणि हिला खाली जायचं आहे, असं मला वाटलं. तो राग दोन दिवस टिकला. ओसरला तेव्हा त्याच्या खालून जे वर आलं ते अजून गेलेलं नाही. मला तिचा हेवा वाटला. नऊ वाजले आणि बाबा नाहीत, हे तिला घड्याळाकडे न बघता कळलं होतं. मला नऊ वाजता त्याची उणीव भासण्याचं कारणच नव्हतं. नऊ वाजता तो माझा नसायचाच.

हे नऊचं प्रकरण नीट सांगायला हवं.

आम्ही अल ऐनला राहतो. दुबई-अबू धाबीची माणसं याला गावच समजतात. आमच्या चार इमारतींना मिळून एक भिंत आणि एक गेट आहे. गेटबाहेर रुंद फूटपाथ, एक कॅफेटेरिया, झोपाळे असलेली छोटी बाग आणि रस्त्यापलीकडे मॉल. हवा स्वच्छ असली की जबलवर, म्हणजे इथल्या डोंगरावर, चढणाऱ्या रस्त्याचे दिवे दिसतात. मे ते सप्टेंबर इथे मुलांचा दिवस रात्री आठला सुरू होतो. त्याआधी झोपाळ्याच्या साखळीला हात लावला तर चटका बसतो. मुलं दिवसभर एसीत कोंडलेली असतात आणि आठ वाजता चारही लिफ्टमधून एकदम बाहेर पडतात.

मुलगी अकरा वर्षांची असताना लिफ्टमध्ये तीन भाषांतला एक कागद लागला. सोळा वर्षांखालच्या मुलांनी रात्री नऊनंतर मोठ्या माणसाशिवाय गेटबाहेर जाऊ नये. कारण दिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मुलांच्या इलेक्ट्रिक स्कूटरनी कुणाच्या तरी नव्या गाडीला ओरखडा पडला होता. समोरच्या मॉलने तर आठपासूनच तसा नियम केला होता. आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, पेशावरकडचा वयस्कर माणूस. त्याने त्या दिवसापासून नऊ वाजता गेटमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला सुरुवात केली.

त्या आठवड्यात लिफ्टमध्ये झालेलं बोलणं मला आठवतं. पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "दिवसा पन्नास डिग्री, रात्री बंदी. पोरांनी काय बाथरूममध्ये क्रिकेट खेळायचं?"

माझा नवरा म्हणाला, "मोठं माणूस बरोबर असलं तर चालतंय ना? मग मी आहे की. मी एकटाच दोन माणसांएवढा मोठा आहे."

तो खरंच अंगाने मोठा होता. लिफ्टमधले सगळे हसले.

वर आल्यावर त्याने मला विचारलं, "आळीपाळीने जाऊ या का? एक दिवस तू, एक दिवस मी?"

मी म्हणाले, "तूच जा. मला वाचायचंय."

हे वाक्य माझं आहे. मी शाळेत ग्रंथपाल आहे. दिवसभर मुलांचा आवाज ऐकून घरी आल्यावर मला शांतता लागते. नऊ ते साडेदहा घर माझ्या एकटीचं होणार, याचा मला झालेला आनंद मी लपवलाही नाही. त्या नियमाबद्दल आमच्या कंपाउंडमध्ये सगळ्यांनी कुरकुर केली. बहुतेक मी एकटीच अशी होते, जिला तो नियम आवडला. चार वर्षं मी रोज नऊ वाजता दोघांच्या मागे दार लावलं आणि पुस्तक उघडलं. त्या दीड तासात मी किती पुस्तकं वाचली याची यादी माझ्याकडे आहे. ती आता मला बघवत नाही.

हळूहळू इतर आईबापांनीही आपली मुलं त्याच्यावर सोपवली. एका मोठ्या माणसाच्या मागे आठ-दहा मुलं. नातूर फक्त माणूस मोजायचा, मुलं नाही. मुलं त्याला नाइन ओक्लॉक अंकल म्हणायची. साडेदहाला दोघं वर यायची ती कुठल्या तरी गोष्टीवर हसत. मी विचारायची, "काय झालं?"

"नथिंग, आई. लाँग स्टोरी."

तोही म्हणायचा, "काही नाही गं. तू वाच."

आणि मी वाचत असे. त्या वेळी मला खुपलं नाही, असं मी आता म्हणू शकत नाही. थोडं खुपायचं. पण पान अर्धं राहिलेलं असायचं.

तो गेल्यावर दहाव्या दिवशी संध्याकाळी कंपाउंडमधली सगळी मुलं आमच्याकडे आली. चौदा-पंधरा असतील. मल्याळी, पाकिस्तानी, इजिप्शियन, दोन फिलिपिनो बहिणी. ती रांगेने सतरंजीवर बसली. एक मुलगा म्हणाला, "ही वॉज अवर अंकल, आंटी." मी मान हलवली. माझी मुलगी त्यांच्यात जाऊन बसली आणि कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. वीस वर्षं माझा नवरा असलेल्या माणसासाठी रडायला आलेल्या त्या मुलांना मी पाणी दिलं. त्यांनी त्याला माझ्यापेक्षा जास्त बघितलंय, असं प्रत्येक ग्लास देताना मनात येत होतं.

मग कागदपत्रं सुरू झाली. मुलगी त्याच्या व्हिसावर होती, ती माझ्या नोकरीच्या व्हिसावर आणायची होती. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये तीन फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीला तिथल्या माणसाने प्रिंट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "खलास मॅडम. अब बच्ची आपके नाम पे." मी गाडीत बसून तो कागद दोनदा वाचला. कागदावर ती माझी झाली होती.

त्या रात्री नऊ वाजता मी तिला म्हणाले, "चल. मी येते."

ती उठली. आम्ही गेटबाहेर पडलो. तो तिच्याशी काय बोलत असेल, हे चार वर्षांत मी मनाशी पुरतं रचून ठेवलं होतं. दोघं चालताहेत, ती त्याला शाळेतलं सांगतेय, मैत्रिणींचं सांगतेय, जे मला सांगत नाही ते सांगतेय, तो मध्ये एखादा विनोद करतोय. मी ठरवलं होतं की मीही तसंच करायचं. मला विनोद जमत नाहीत. म्हणून मी प्रश्न विचारले. फिजिक्सचं काय झालं? ती दिल्लीवाली मुलगी अजून बोलते का तुझ्याशी? तुला बाबांची आठवण येते का?

"येस," ती म्हणाली. एवढंच.

बागेजवळ तिचे मित्रमैत्रिणी उभे होते. त्यांनी मला बघून हात हलवला आणि जागचे हलले नाहीत. आम्ही दोघी मॉलच्या सिग्नलपर्यंत गेलो आणि परत आलो. वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, तू अशी चालतेस जसं काही आपण कोथिंबीर संपायच्या आत पोचायचंय."

मी हसले. तिच्या तोंडून पुष्कळ दिवसांनी आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. पण चौथ्या दिवशी तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि पाचव्या दिवशी अभ्यास आहे म्हणून.

साधारण पंधरवड्यानंतर शाळेच्या लायब्ररीची मोजणी होती आणि मला घरी यायला नऊ वाजून गेले. गेटमध्ये नातूर उठून उभा राहिला. "बाजी, बेटी ख़ाला के साथ गई है. फ़िक्र नहीं करना."

खाला म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या बाई. मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांचा नवरा तीस वर्षं इथे ट्रेलर चालवतो, मुलं तिकडे शिकतात. मी त्यांना भाभी म्हणते, मुलगी खाला म्हणते. इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज झाली की गुडघ्यांसाठी त्या चालायला जातात. आमच्या घरी चूल पेटत नव्हती त्या दिवसांत त्यांनी रोज डबा पाठवला होता. त्यांच्याबद्दल मनात वाईट यावं असं त्यांनी काहीही केलेलं नव्हतं.

मी वर जाऊन बाल्कनीत उभी राहिले. थोड्या वेळाने त्या दोघी फूटपाथवरून येताना दिसल्या. खालांचा हात माझ्या मुलीच्या दंडात होता आणि माझी मुलगी हसत होती. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून. तशी ती त्याच्याबरोबर हसायची.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "भाभींबरोबर काय बोलता तुम्ही?"

"काय बोलणार? स्टफ."

"कसलं स्टफ?"

"आई, इट्स जस्ट वॉकिंग."

मी रोज बाल्कनीत उभी राहू लागले. दोरीवर कपडे असले की बरं पडायचं, मागे उभं राहता यायचं. मी वाचायचं पुस्तक बरोबर न्यायची, जसं काही मी वाचायलाच तिथे उभी आहे. आठवडाभर बघितलं. गेटमधून जाता-येताना दोघी दिसायच्या, तेवढंच. आठव्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेले आणि नातूरला सांगितलं, "मेरी बेटी नौ के बाद सिर्फ़ मेरे साथ जाएगी. और किसी के साथ नहीं."

त्याने विचारलं, "ख़ाला के साथ भी नहीं?"

"किसी के साथ नहीं."

"ठीक है बाजी. आपकी बेटी, आपका हुकुम."

हे मी का केलं ते मला तेव्हाही माहीत होतं. काळजी हा शब्द मी स्वतःपाशीसुद्धा वापरला नाही. मला वाटलं होतं की तो नियम जसा त्याच्या उपयोगी पडला तसा माझ्याही पडेल. ज्याच्याशिवाय गेटबाहेर जाता येत नाही, असं एकच मोठं माणूस उरलं, की ती त्या माणसाकडे येईल.

त्या रात्री मी कपड्यांमागून बघितलं. नातूरने खुर्चीतून उठून हात आडवा धरला. मुलांचा घोळका मागे थांबला. तो काहीतरी म्हणाला आणि त्याने बोट वर केलं, आमच्या मजल्याकडे. खालांनी वर बघितलं. मी चादरीमागे सरकले, पण चादर माझ्या खांद्यापर्यंतच येत होती.

मुलगी वर आली. ओरडली नाही.

"तू नातूरला सांगितलंस?"

"हो."

"ओके."

तिने बूट काढले, रॅकमध्ये एकाशेजारी एक सरळ लावले आणि खोलीत गेली. त्यानंतर बारा दिवस ती गेटबाहेर गेली नाही. मी रोज विचारायची, ती म्हणायची, "नको. इट्स हॉट." खालून मुलांचे आवाज यायचे. दोन खोल्यांत आम्ही दोघी आणि मध्ये एसीची घरघर. पूर्वी मला हवा असायचा तो दीड तास आता माझ्यासमोर रोज तसाच पडलेला असायचा आणि मला त्यात एक पान वाचता येत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात भाभी होत्या. त्यांचे हात रिकामे होते. आमच्याकडे त्या कधीच रिकाम्या हातांनी आल्या नव्हत्या. नुसतं काही विचारायचं असलं तरी वाटीभर काहीतरी घेऊन यायच्या.

"बसा भाभी."

"बसायला नाय आले. विचारायला आले. तुझ्या पोरीला मी काय वाईट शिकवलं?"

"तसं काही नाही."

"मग गेटवर माझी इज्जत का घालवलीस? एवढ्या पोरांसमोर? मला सांगायचंस, मी नसती नेली."

मी उत्तर तयार केलेलं नव्हतं, म्हणून खरं ते बाहेर पडलं. "ती तुमच्याशी बोलते, भाभी. माझ्याशी बोलत नाही."

 त्या सोफ्यावर बसल्या. हसू दाबत होत्या असं मला वाटलं.

"माझ्याशी? अगो, माझ्याशी कोण बोलतंय. ती पुढे, मी पाठी. माझ्या हातात तस्बीहची माळ, तिच्या कानात त्या पांढऱ्या गोळ्या. बागेपाशी गेली की ती पोरांत जाते नि मी फेऱ्या मारते. साडेदहा झाले की हाक मारते. एवढंच."

"त्या दिवशी तुम्ही हसत होतात. मी बघितलं."

"कधी? हां, ते. माझी चप्पल तुटली. एका पायात चप्पल, एक पाय तसाच, लंगडी घालत आले पार गेटपर्यंत. तिने धरलं म्हणून, नायतर पडलेच असते." त्या आता उघड हसल्या. "तुला वरून काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. मी म्हणाले, "तिच्या बाबांशी ती खूप बोलायची."

"त्याच्याशी?" त्या थांबल्या. गेलेल्या माणसाबद्दल काय नि किती बोलावं याचा त्यांनी विचार केला असावा. "तो बिचारा कुठे बोलायचा गो. त्या कॅफेटेरियाच्या बाकावर बसायचा. मोबाईलवर कायतरी बघायचा. दिवसभर दुकानात उभा राहून दमलेला असायचा, कधीकधी तिथेच झोपायचा. एकदा तर घोरत होता, मीच जाऊन उठवला. म्हटलं, भाऊ, पोरं घरी गेली. पोरांना मोठं माणूस कशाला लागतं? गेटवर दाखवायला. पुढे गेल्यावर त्याने गप बसलं तर बरं."

त्या गेल्या. चार वर्षं मी ज्या बोलण्याचा हेवा केला ते बोलणं झालेलंच नव्हतं. याने मला हलकं वाटायला हवं होतं. पण मला आणखी एका गोष्टीचा हेवा वाटू लागला. तो उघड्यावर बाकावर झोपलेला कसा दिसतो हे भाभींना माहीत होतं, मला नाही.

आणि दुसरं हे, की गप्प बसणं हे एकच काम होतं आणि ते मला जन्मभर येत होतं. ते सोडून मी प्रश्न विचारत बसले होते.

संध्याकाळी खाली जाऊन मी नातूरला म्हणाले की माझा आधीचा निरोप विसरा, मुलगी खालांबरोबरही जाऊ शकते. तो म्हणाला, "बाजी, आप दोनों बहनें पहले आपस में फ़ैसला कर लो. मैं ग़रीब आदमी, किस-किस को रोकूँ."

वर येऊन मी मुलीच्या दारावर टकटक केलं. "आज मी येते खाली. पण मी बाकावर बसेन. तू तुझी जा. मी काही विचारणार नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

ती म्हणाली, "देन ब्रिंग अ बुक."

त्या बाकावर वाचण्याइतका उजेड नाही. कॅफेटेरियाच्या पाटीचा हिरवा प्रकाश पानावर पडतो आणि अक्षरं दिसत नाहीत. मी पुस्तक उघडं धरून बसले. समोर पार्किंग, एक कचऱ्याचा डबा, बागेचं कुंपण. कुंपणापलीकडे मुलांची डोकी दिसत होती, त्यातलं एक तिचं. चार वर्षं त्याने हे बघितलं होतं.

कॅफेटेरियातला माणूस न सांगता करक चहाचा कागदी ग्लास घेऊन आला. "भाई का जैसा बनाया," तो म्हणाला. मी घोट घेतला. चहा इतका गोड होता की मला तो गिळवेना.

माझ्या नवऱ्याला शुगर होती. सहा वर्षांपूर्वी कळली. तेव्हापासून घरी तो बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि कधीही तक्रार करायचा नाही. त्या गोष्टीचं मला कौतुक होतं. मी लोकांना सांगायची, माझा नवरा एका दिवसात साखर सोडू शकला.

"वो ऐसा पीते थे?" मी विचारलं.

"डेली दो. कभी तीन." मग माझा चेहरा बघून तो आत गेला.

साडेदहाला मुलगी आली. तिने माझ्या हातातला ग्लास बघितला. मी काही विचारणार नाही असं वचन दिलं होतं, म्हणून मी गप्प राहिले. आम्ही गेटपर्यंत आलो. नातूरने मान हलवली. लिफ्टमध्ये, त्या कागदासमोर उभं राहून ती म्हणाली, "मी प्रॉमिस केलं होतं बाबांना. की तुला सांगणार नाही."

मी तिच्याकडे बघितलं नाही.

"ते म्हणायचे, आपला जोक आहे हा. घरी आलो की तू विचारायचीस चहा टाकू का, आणि ते म्हणायचे, बिनसाखरेचा. मग आम्हाला हसू यायचं." तिचा आवाज बारीक झाला. "मी सांगायला हवं होतं ना? त्यामुळे झालं का?"

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली होती आणि दार उघडून परत बंद झालं होतं.

"नाही," मी म्हणाले. "हार्टचं होतं ते. चहाने नाही झालं."

हे खरं आहे की नाही मला माहीत नाही. मी डॉक्टरांना विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तिने माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला असं मला त्या वेळी वाटलं. तीन महिने ती माझ्याशी का बोलत नव्हती हे मला तेव्हा कळलं. ती माझ्याकडे बघत होती ते, मला कधी कळतंय याची वाट बघत.

त्या रात्री ती माझ्या शेजारी झोपली. मला मात्र झोप आली नाही. माझ्या मनात तिच्याबद्दल माया होती, त्याच्याबद्दल राग होता आणि या दोन्हींच्या वर, सगळ्यांत जास्त, पुन्हा तेच होतं. माझ्या घरात, माझ्या चहावरून, त्या दोघांनी एक गंमत ठेवली होती. मी त्या गमतीत होते, फक्त मला ती कळत नव्हती. एवढी मोठी गोष्ट तिने एकटीने तीन महिने सोसली, तीही त्याला दिलेल्या शब्दासाठी. माझ्यासाठी तिने असं काही पोटात ठेवलं असतं का, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मनात येणं बरं नाही. पण तो आला.

पुढचे अकरा आठवडे मी रोज त्या बाकावर बसले. एक छोटा दिवा विकत आणला, पुस्तकाला अडकवायचा. मुलं एकेक करून येऊन "हाय आंटी" म्हणून जायची. भाभी फेऱ्या मारताना प्रत्येक फेरीला एक वाक्य बोलायच्या, त्यामुळे आमचं संभाषण पूर्ण व्हायला तासभर लागायचा. एकदा त्या म्हणाल्या, "आता बघ वरून कोण बघतंय का," आणि पुढे निघून गेल्या. पुढच्या फेरीत मी म्हणाले, "कुणी नाही." त्यांनी त्याच्या पुढच्या फेरीत विचारलं, "काय कुणी नाही?"

मुलगी अधूनमधून बाकाकडे यायची. पाणी प्यायला, फोन माझ्याकडे ठेवायला, कधी नुसतीच. एकदा माझ्या शेजारी पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, "बाबा झोपले की त्यांचं तोंड उघडं राहायचं. आम्ही फोटो काढायचो." तिने तो फोटो दाखवला. तो त्याच बाकावर होता, मान एका बाजूला पडलेली, हातात कागदी ग्लास. मी म्हणाले, "मला पाठव." तिने पाठवला नाही. "दॅट्स अवर्स," ती म्हणाली. वाईट अर्थाने नव्हे. तो तिचा आणि त्या मुलांचा होता, इतकंच. मी परत मागितला नाही.

नोव्हेंबरमध्ये ती सोळा वर्षांची झाली. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी पुस्तक आणि दिवा घेऊन चपला घातल्या, तेव्हा ती म्हणाली, "आई, आय ऍम सिक्स्टीन. यू डोंट हॅव टू." गेटवर तिने तिचं ओळखपत्र दाखवलं. नातूर हसला आणि त्याने खुर्ची बाजूला घेतली.

आता ती एकटी जाते आणि साडेदहाला येते. जेवताना आम्ही बोलतो, पूर्वीपेक्षा जास्त, तरी बाबांबद्दल ती खालच्या मुलांशीच बोलते. भाभी आठवड्यातून दोनदा काहीतरी घेऊन येतात. तो फोटो माझ्याकडे नाही. तो ज्यांच्याकडे आहे त्यांचा मला हेवा वाटतो, अजून, जवळजवळ रोज.